दगड होता तसा ठेवा

आज रायरेश्वरावर जे पाहिले, ते लिहून टाकल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही. शिडी चढून पठारावर आल्यानंतर थोड्याच अंतरावर एकामागून एक पालथे पडलेले दगड दिसू लागले. मातीची ओलसर बाजू वर, उन्हाने रापलेली बाजू खाली. पुढे गेल्यावर उलगडा झाला. एका ट्रेकिंग ग्रुपमधली काही मंडळी गळ्यात उत्तम कॅमेरे आणि बारीक जीव जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्स अडकवून विंचू शोधत निघाली होती, आणि ज्या दगडाखाली विंचू सापडला नाही तो दगड तसाच उलटा टाकून पुढच्याला हात घालत होती.

अशाच एका दगडापाशी मी बसले. खाली मुंग्यांचे घर होते. कामकरी मुंग्या तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष जबड्यात धरून सैरावैरा धावत होत्या आणि उघड्यावर आलेला एकेक कोष बिळात ओढून नेत होत्या. सकाळी तापू लागलेल्या दगडाखाली मुंग्या आपली पिल्ले वर आणून ठेवतात, कारण तिथे ऊब मिळते आणि ओलही टिकते. चैत्राच्या तोंडावर उघड्या पठारावर ओल आणि सावली या दोनच गोष्टी दुर्मीळ असतात आणि त्या दगडाखाली उरतात, म्हणूनच विंचू, गोम, पाल, मुंग्या असे सगळेच तिथे आसऱ्याला येतात. मी त्या मंडळींना हटकले, तेव्हा उत्तर मिळाले, "अहो ताई, मुंग्याच तर आहेत."

मुंग्याच तर आहेत! २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि असा मान देणारे आपले राज्य देशात पहिले ठरले, तेव्हा आपण सर्वांनी किती कौतुकाने त्या बातम्या एकमेकांना पाठवल्या होत्या. ते कौतुक फक्त मोठ्या, निळ्या, देखण्या पंखांपुरतेच होते काय?

मला राहून राहून तोरण्याच्या पायथ्याचे एक गुराखी मामा आठवतात. अशाच वसंतात अंजनीचे झुडूप जांभळ्या-निळ्या फुलांनी खोडापर्यंत लगडले होते आणि त्यात बसलेल्या एका खेकडा कोळ्याने मधमाशी पकडली होती. हा कोळी जाळे विणत नाही. फुलात दबा धरून बसतो आणि माशीला नेमके मानेमागे धरतो. त्या मेलेल्या माशीच्या अंगावर चिलटांहूनही बारीक माश्या येऊन बसल्या होत्या, कोळ्याच्या ताटातले चार थेंब आपल्यालाही मिळावेत म्हणून. मी पालथी पडून फोटो घेत असताना मामा गुरे घेऊन आले, काय चालले आहे ते वाकून पाहिले आणि पायवाटेवरची सगळी गुरे मागे हटवून लांबच्या बाजूने नेली. "होऊ द्या ताई त्याचं जेवण," एवढेच ते म्हणाले.

आजच्या मंडळींनी त्याच जातीचा कोळी अंजनीवरून काडीने उचलला, पांगाऱ्याच्या लाल फुलावर ठेवला आणि त्याच्यावर बाटलीने पाणी फवारले. संध्याकाळी तो फोटो "पहाटेचे दव" म्हणून झळकला आहे. सकाळी अकराच्या उन्हात, मार्च महिन्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर दव! आपल्यापैकी अनेक जण आपले फोटो आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर चढवतात, कारण कोणता जीव कोठे, कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात दिसला याला मोल असते. उचलून ठेवलेल्या कोळ्याचा फोटो ही त्या नोंदवहीत घुसवलेली खोटी नोंद आहे. त्या मामांना कॅमेऱ्यातले काही कळत नव्हते, पण कोळ्याची जागा कोळ्याची आहे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

अभ्यासकही दगड उचलतात, हे मान्य. पण ते दगड हलकेच उचलतात, खालच्या जिवांना बाजूला सरकू देतात आणि मग तो त्याच खळग्यात, त्याच बाजूने बसवतात.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरही हेच चालते. तिथल्या सरड्याचा नर विणीच्या दिवसांत दगडावर चढून निळा, काळा आणि नारिंगी गळा पंख्यासारखा उघडतो. शास्त्राने सारडा सुपर्बा या नावाने त्याची ओळख करून दिली ती २०१६ साली, आणि आज फोटोत पार्श्वभूमी चांगली यावी म्हणून त्याचा दगड इकडून तिकडे हलवला जातो. तो दगड त्याच्या हद्दीतला आहे. मादीने त्याला पाहावे म्हणून तो त्यावर चढलेला असतो.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, म्हणून हेही लिहिते. त्या ग्रुपमधली एक कॉलेजातली मुलगी नंतर माझ्याजवळ येऊन बसली आणि मुंग्या बिळात उतरेपर्यंत बघत राहिली. तिने विचारले की मग जवळून फोटो घ्यायचा कसा. तिला मी सांगितले की सकाळी लवकर यावे. रात्रीच्या गारव्याने कीटक सुस्तावलेले असतात आणि ऊन अंगावर येईपर्यंत फारसे हलत नाहीत. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स पूर्ण जवळ नेली तर तिचे तोंड किड्यापासून वीतभरही दूर राहत नाही, तेव्हा आपली सावली त्याच्यावर पडू न देता कोपरांवर रांगत जावे आणि तो उडाला तर उडू द्यावे. मामांची गोष्टही तिला सांगितली.

ग्रुपच्या आयोजकांना मी संध्याकाळी फोन केला. पुढच्या ट्रेकच्या सूचनांमध्ये दगड न उलटण्याची आणि जीव न हलवण्याची सूचना घालू, असे ते म्हणाले आहेत. पुढच्या रविवारी त्यांच्यासोबत तुमच्यापैकी कोणी जाणार असेल, तर ती सूचना आली की नाही ते मला अवश्य कळवा.