ग्लेनफिननचा पूल पुस्तकात नाहीये, तरीही नक्की जा

हॅरी पॉटरवाल्या मंडळींनो, आधीच सांगते, भांडायला येऊ नका. स्कॉटलंडमधला तो कमानींचा पूल, ज्याच्यावरून हॅरीच्या जादूच्या शाळेची गाडी, हॉगवर्ट्स एक्सप्रेस, धूर सोडत वळण घेते, तो पुस्तकात कुठेच नाहीये. पुस्तकात लंडनचं किंग्ज क्रॉस स्टेशन आहे, सकाळी अकराची गाडी आहे, खिडकीबाहेर शेतं आणि मग जंगलं-डोंगर आहेत, बास. पूल आणला सिनेमावाल्यांनी, आणि 2002 च्या दुसऱ्या सिनेमात उडत्या फोर्ड गाडीच्या मागून ट्रेन येते तो सीन झाल्यावर सगळं जग तिकडे धावायला लागलं. त्यामुळे आमच्यासारखे कट्टर पुस्तकवाले जरा नाक मुरडतात. पण मी भावाकडे ग्लासगोला गेले होते, एवढ्या लांब जाऊन ते बघायचं नाही म्हणजे काय, म्हणून गेलो.

टेकडीवर ही गर्दी! पायवाटेवर चिखल, वर पिरपिर पाऊस, आणि ग्रिफिंडोरचे (हॅरीच्या हाऊसचे) मफलर गुंडाळून लोक तासभर आधीपासून जागा धरून उभे. ट्रेन आधी दिसत नाही, ऐकू येते. मग झाडांवर धूर दिसतो, शिट्टी होते आणि सगळे मोबाईल एकदम वर. माझ्या पुढे एक छोटा मुलगा होता तो रडकुंडीलाच आला, का तर इंजिन काळं! आता त्याला कोण सांगणार की सिनेमातलं लाल इंजिन, ओल्टन हॉल, लंडनजवळ लीव्ह्सडेनच्या स्टुडिओत उभं आहे आणि इथे 'जॅकोबाइट' नावाची टुरिस्ट गाडी बहुतेक वेळा काळंच इंजिन लावून येते. डबे लालसर असतात, त्यावर समाधान माना.

गाडी गेली आणि दहा मिनिटांत टेकडी रिकामी. सगळे पार्किंगकडे पळाले. मला खरा राग येतो तो याचा. अरे, पूल तिथेच आहे ना, तो बघा की!

आम्ही खाली कमानींपाशी गेलो. 21 कमानी, 380 मीटर लांब, 30 मीटर उंच, आणि आत लोखंडाची एक सळई नाही, निव्वळ काँक्रीट. 1897 ते 1901 मध्ये बांधलाय, तिथला दगड इतका कठीण की घडवणं परवडेना म्हणून काँक्रीट, आणि कंत्राटदार रॉबर्ट मॅकअल्पाइनला लोक 'काँक्रीट बॉब'च म्हणायला लागले. खांबाला हात लावला तर ओला, खरखरीत, शेवाळलेला, आणि थरावर थर ओतल्याच्या आडव्या रेघा अजून दिसतात. माझे सासरे आयुष्यभर साइटवर राबलेले, त्यांना फोटो पाठवला तर पहिला प्रश्न, सेंट्रिंग कसं केलं असेल गं त्या काळात?

तिथली एक दंतकथा पण भारी आहे. बांधकाम चालू असताना घोडा गाडीसकट खांबात पडला म्हणे. 1987 मध्ये एका प्राध्यापकांनी खांबात कॅमेरा घालून शोधलं, काही नाही. मग 2001 मध्ये याच लाईनवरच्या लोख नान ऊव्ह नावाच्या दुसऱ्या पुलात रडारने तपासलं आणि घोडा तिथे निघाला! म्हणजे गोष्ट खरी, पूल चुकीचा. हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंगबाईंनी लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही हं.

आणि सगळे पुलाकडे तोंड करून उभे असतात तेव्हा पाठीमागे काय आहे हे कुणी बघतच नाही. मागे लोख शील, सिनेमातला हॉगवर्ट्सचा तलाव हाच, आणि काठावर 1815 चा मनोरा. 1745 मध्ये चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टने ब्रिटनच्या गादीसाठी बंड करून इथेच झेंडा उभारला, त्याच्या माणसांना जॅकोबाइट म्हणत, गाडीचं नाव त्यांच्यावरून. त्या बंडाचं पुढे कलोडनच्या लढाईत काय झालं ते वाचून जा, मग तो तलाव वेगळाच दिसतो.

बाय द वे, आपल्या रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच आहे, म्हणजे याच्या दुप्पट. तिथे सिनेमा नाही म्हणून मफलर घालून कुणी जात नाही, एवढाच काय तो फरक.

आता कामाचं. वाफेच्या गाडीचं तिकीट महाग आणि आधीच संपतं. नाही मिळालं तर रडू नका, ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून मॅलेगला जाणारी साधी ट्रेन याच पुलावरून जाते, फोर्ट विल्यमनंतर डाव्या हाताची खिडकी धरा. ग्लेनफिननला उतरता येतं, स्टेशनात छोटं म्युझियम आहे आणि तिथूनच टेकडीवर पायवाट जाते. पार्किंगच्या मारामारीत पडूच नका. रुळांवर चढून फोटो काढणारे दिसले तर माझ्यातर्फे दोन शिव्या घाला. आणि जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर मिजेस नावाच्या चिलटांसाठी काहीतरी फासून जा, पॉटरमधले आत्मा शोषणारे डिमेंटर परवडले पण ती नकोत.