येथे देव बदलून मिळतील

चादरीच्या धंद्यात आता राम राहिलेला नाही, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. निम्मे यंत्रमाग भंगारात गेले आणि उरलेल्यांचे मालक गिरणगावाच्या जुन्या गोष्टी सांगत बसलेत. तेव्हा तुमच्यासारख्या होतकरू माणसानं लोकांचे देव बदलून द्यायचं दुकान काढावं, असा माझा प्रेमाचा सल्ला आहे. भांडवल फारसं लागत नाही, माल नासत नाही आणि तोटा आला तरी पुण्य म्हणून खात्यावर जमा धरता येतो. कुठला देव काढायचा आणि कुठला बसवायचा, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पद्धत सगळ्यांची एकच असल्यामुळे पुढच्या सूचना सर्वधर्मीयांना सारख्याच लागू पडतील. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो मला तरी याच एका धंद्यात शंभर टक्के आढळला.

पहिली गोष्ट जागेची. दुकान कुठंही काढा, फक्त सिद्धेश्वर तळ्याच्या आसपास नको. तिथं संमती कट्टा आहे. दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत भोगीच्या दिवशी सातही नंदीध्वजांच्या काठ्या तिथं येतात, बाराबंदी घातलेली माणसं उन्हात दाटीवाटीनं उभी राहतात, आणि आधी संमतीचं वाचन होतं. अक्षता मग पडतात. गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. कुंभाराच्या मुलीनं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांकडे लग्नाचा हट्ट धरला. ते ब्रह्मचारी, त्यांनी नकार दिला. शेवटी त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं. म्हणजे बघा, भक्तिणीनंही महाराजांवर जबरदस्ती केली नाही आणि महाराजांनीही तिला हाकलून दिलं नाही. बाराव्या शतकातल्या या प्रकाराची आठवण हे गाव अजून दरवर्षी लाखभर माणसांच्या साक्षीनं काढतं. अशा ठिकाणी संमतीशिवाय धंदा करायचा म्हणजे गिऱ्हाईक भलतेसलते प्रश्न विचारणार.

गिऱ्हाईक निवडताना सुखी माणूस कटाक्षानं टाळा. ज्याचं पोट भरलंय, डोकं शांत आहे आणि ज्याच्याकडे वेळ आहे, असा माणूस धर्म बदलण्याआधी विचार करतो, आणि विचार हा या धंद्याचा शत्रू. त्यातून तो सोलापूरचा असला तर बोलायलाच नको. ‘काय बे’ म्हणून सुरुवात करील, तुमचा ग्रंथ तुमच्यापेक्षा जास्त वाचलेला निघेल, चार भाषांत नको म्हणील, तुमच्याच पैशानं दोन चहा पिईल आणि रात्री अकराला जसा आला तसा घरी जाईल.

त्यापेक्षा विड्या वळणाऱ्या बाईच्या घरी जा. दिवसभर वळलेल्या विड्यांतल्या काही कारखान्यात छाट म्हणून बाजूला काढल्या गेल्या आहेत. नवरा सिव्हिलमध्ये ॲडमिट आहे. बचत गटाचा हप्ता सोमवारी आहे आणि आज शनिवार. हा तुमचा मुहूर्त! यावेळी तिला मोक्षाबद्दल विचारू नका, हप्त्याबद्दल विचारा. हप्ता तुम्ही भरायचा, आणि भरताना सहज म्हणायचं, ‘पुढच्या आठवड्यात प्रार्थनेला यायचं बरं का,’ किंवा ‘पुढच्या आठवड्यात शुद्धीचा कार्यक्रम ठेवलाय,’ किंवा ‘पुढच्या आठवड्यात कलमा शिकवायला माणूस येईल.’ वाक्य दुकानाप्रमाणे बदलेल, सोमवार मात्र बदलणार नाही.

मदतीला अट जोडायची राहू नये, एवढं सांभाळा. मिरजेत १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल निघालं. आपल्याकडची कितीतरी माणसं तिथून बरी होऊन आली. डॉक्टरांनी पोट फाडताना देव कोणता हे विचारलं नाही, त्यामुळे झालं काय, की टाके वाळल्यावर माणसं घरी आली आणि त्यांनी खंडोबालाच नारळ फोडला. डॉक्टरांचं नाव मात्र आयुष्यभर घेतलं. असल्या व्यवहारात दुकान कसं चालायचं?

हप्ता भरून झाला की लगेच कागद करून घ्या. कोर्टासमोर टायपिस्ट बसतात, त्यांना मजकूर पाठ आहे. ‘मी पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय अथवा आमिषाशिवाय’ हे शब्द आलेच पाहिजेत. ज्याच्यावर दबाव नसतो त्याच्याकडून हे वाक्य कुणी लिहून घेत नाही, पण हे गिऱ्हाइकाला सुचत नाही आणि टायपिस्ट पानाचे पैसे घेतो, मताचे नाही. मग राजपत्रात नाव बदलायचं. ते झालं की माणूस तुमचा.

काही गोष्टी त्याला आधी सांगायच्या नाहीत. उदाहरणार्थ, तो अनुसूचित जातीतला असेल आणि ख्रिस्ती किंवा मुसलमान झाला, तर १९५० च्या आदेशाप्रमाणे त्याचा तो दर्जा जातो, आणि पोराची शिष्यवृत्ती अडकते. हे त्याला कॉलेजच्या खिडकीवर कळू दे. भाऊबंद लग्नाला बोलवायचं बंद करतात, तेही त्याचं त्याला कळेल. आई वारली तर पाणी कुणी पाजायचं, खांदा कुणी द्यायचा यावरून घरात काय होतं ते बघायला तुम्ही तिथं थांबूच नका. तुमचं काम नाव वहीत लिहिण्यापुरतं. वहीतल्या नावाला आई नसते.

एक तांत्रिक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जबरदस्तीनं बदललेला देव नीट बसत नाही. तुमच्यापेक्षा फार मोठ्या दुकानदारांना हे जमलेलं नाही. औरंगजेबानं १६६७ मध्ये नेताजी पालकरांना मुसलमान केलं, मुहम्मद कुली खान असं नाव दिलं आणि पार काबूलच्या बाजूला मोहिमेवर धाडलं. सगळ्या हिंदुस्थानची बादशाही हाताशी, तरी १६७६ मध्ये माणूस परत शिवाजी महाराजांसमोर उभा. महाराजांनी त्यांना पुन्हा धर्मात घेतलं. बादशहाचा सगळा खर्च पाण्यात गेला.

गोव्यातला हिशेब तर याहून वाईट. पोर्तुगिजांनी १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे लोकांचा धर्म तपासणारं न्यायालय, बसवलं. लोकांनी रातोरात कुशस्थळीचा मंगेश उचलून नदीपलीकडे प्रियोळला नेला. आज आपण मंगेशीला म्हणून जातो तिथं. मागं राहिले ते बाटले. पण १७३६ मध्ये, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनी, त्याच इन्क्विझिशनला फर्मान काढावं लागलं, की बाटलेल्यांनी घरात तुळस ठेवू नये, लग्नात हळद लावू नये, आणि हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये. पाच-सहा पिढ्या चर्चला जाऊन आल्यावरसुद्धा घरी भात अळणीच शिजत होता! पहारेकरी माणसाच्या पातेल्यात डोकावू लागला की समजावं, दुकान बुडीत निघालंय. शेवटी १८१२ मध्ये ते कायमचं बंद झालं. इतका वेळ तुमच्याकडे आहे का, ते आधी पाहा.

आता काही लोक तुमच्यासमोर डॉ. आंबेडकरांचं उदाहरण टाकतील. तेव्हा विषय बदला. ते उदाहरण धंद्याला फार घातक आहे. हिंदू म्हणून मरणार नाही, असं येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला सांगितलं आणि दीक्षा घेतली नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली एकवीस वर्षं माणूस वाचतोय, तपासतोय. सगळ्या दुकानांचे विक्रेते दारात येऊन गेले, कुणी पैसा दाखवला, कुणी संख्याबळ. १९३८ च्या जानेवारीत इथं सोलापुरातच ख्रिस्ती मंडळींपुढे त्यांचं भाषण झालं. त्यांनी ख्रिस्ताबद्दल आदरानं बोलावं, आणि पुन्हा इथल्या ख्रिस्ती समाजाला सामाजिक अन्यायाबद्दल खडे बोलही सुनवावेत! असलं गिऱ्हाईक कुणाला परवडणार? आणि शेवटी गेले ते स्वतःच्या पायांनी, दिवसाढवळ्या, लाखो माणसांसह, आणि राजीखुशीचा कागद कुणाकडून लिहून न घेता. अशा धर्मांतराला नाव ठेवता येत नाही आणि कमिशनही मिळत नाही.

नारायण वामन टिळकांच्या घरीही तेच. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई काही लगेच मागोमाग गेल्या नाहीत. सोवळंओवळं सांभाळत, रडत, भांडत राहिल्या आणि पुढं काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर, स्वतःच गेल्या. नवरा खुद्द प्रचारक, तरी बायकोवर सक्ती नाही. तुमच्या धंद्यात हा माणूस पहिल्याच महिन्यात कामावरून गेला असता.

हे झालं माल खपवण्याचं. पण तुमचा कल गोदाम राखण्याकडे असेल, म्हणजे आपल्यातलं कुणी बाहेर जाऊ नये असं वाटत असेल, तरी काळजी नको. त्यालाही मोठी मागणी आहे, आणि मोर्चात पुढं चालायला मिळतं ते वेगळंच.

राखणदारानं एकच पथ्य पाळायचं. जाणारा का चाललाय, हे त्याला विचारायचं नाही. ‘बाटवला! फसवला! पैसे दिले!’ एवढं ओरडलं की पुरे. विचारलंत की तो बोलायला लागेल आणि बोलणं आपल्या जिल्ह्यात फार लांब जातं. पंढरपूर इथून काही दूर नाही. चोखोबांची समाधी कुठं आहे? महाद्वारासमोर, पायरीशी, बाहेर. तिथल्या विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं, इंग्रज सामान बांधतोय, आणि इकडे पांडुरंगाला भेटायचं की नाही यावर वाद चाललेला. इतकी शतकं जे दाराबाहेर उभे होते त्यांची गिनती कुणी केली नाही. त्यातला एक पाठ फिरवून चालू लागला की लगेच आपण मोजदाद काढतो. ही मोजदाद जोरात करायची, दाराचा विषय मात्र काढायचा नाही.

परत आलेल्यालाही फार जवळ करू नका. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाचा पोरगा मिशनऱ्यांकडून परत आणला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची शुद्धी घडवली, तर सनातनी मंडळी मिशनऱ्यांना सोडून जांभेकरांवरच उलटली. पोरगं गेलं म्हणून गहजब करणारे हेच, आणि आलं तर पंगतीला नको म्हणणारेही हेच. ही परंपरा आपण जपली पाहिजे. आजही घरवापसीच्या कार्यक्रमाचे फोटो निघतात, हार पडतात; त्यानंतर ‘मुलगी देता का?’ असं त्या माणसानं विचारलं, की मंडपवाला खुर्च्या उचलायला लागतो.

कायद्याचं म्हणाल, तर घटनेचं पंचविसावं कलम शक्यतो वाचू नका. त्यात सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलंय, आणि पंचाईत अशी की ते ज्याची बुद्धी त्याला दिलंय, तुम्हाला नाही. प्रचाराचा हक्क आहे. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला बाटवण्याचा हक्क नव्हे. हे वाक्य अर्धंच लक्षात ठेवा. विक्रेत्यानं ‘प्रचाराचा हक्क’ इथं थांबावं, राखणदारानं ‘हक्क नव्हे’ पासून सुरू करावं.

राखणदारांना उत्तर प्रदेशचा २०२१ चा कायदा विशेष आवडेल. तिथं धर्म बदलायचा असेल तर साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. आता जो दुसऱ्याला कोंडून, धमकावून बाटवतो, तो काय अर्ज घेऊन जाणार आहे? अर्ज घेऊन जातो तो सरळमार्गी माणूस, ज्यानं चार पुस्तकं वाचून स्वतःचं स्वतः ठरवलंय. मग साठ दिवस नातेवाईक, गल्लीतले पुढारी आणि पोलीस असे सगळे मिळून त्याची राजीखुशी तपासतात. साठ दिवसांत बरीच माणसं सुधारतात.

याउलट सिंधमध्ये बघा. तिथं हिंदूंच्या लहान लहान मुली पळवून, बाटवून, लग्न लावून देण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येतात. २०१६ मध्ये प्रांताच्या विधानसभेनं कायदा मंजूर केला, अठरा वर्षांखालच्यांचं धर्मांतर चालणार नाही म्हणून. धार्मिक पक्षांनी ओरड केली, राज्यपालांनी सही केली नाही, विषय संपला. तिथल्या विक्रेत्यांचा वट आपल्याकडच्या राखणदारांइतकाच आहे. दोघं कधी भेटले तर त्यांचं चांगलं जमेल. मुलगी काय म्हणते ते ऐकायचं नाही, यावर एकमत आहेच.

आता राहिला शेवटचा आणि नाजूक प्रसंग. तुमचा स्वतःचा मुलगा किंवा मुलगी एके दिवशी जेवताना म्हणाली, ‘पप्पा, मी विचार केला, मला तो दुसरा धर्म पटलाय,’ तर? वय तेवीस, नोकरी स्वतःची, हप्ता कुणाचा थकलेला नाही, कुणी धमकी दिलेली नाही. असं होतं, ज्या घरात धर्मावर रोज बोललं जातं तिथं पोरं वाचायला लागतात. अशा वेळी डगमगू नका. तिनं स्वतः ठरवलं, ही शक्यता मनात आणायचीच नाही. ‘आमची पोरगी भोळी आहे’ म्हणायचं. तेवीस वर्षांची, एमएस्सी झालेली पोरगी एका रात्रीत भोळी होते, याला घरचे सगळे साक्षीदार उभे करायचे. केरळात स्वतःहून मुसलमान झालेल्या हादियाच्या वडिलांनी हे हायकोर्टापर्यंत नेऊन दाखवलं, २०१७ मध्ये तिचं लग्नही रद्द करून घेतलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते परत लावून दिलं, ही गोष्ट वेगळी. तोवर मोबाईल काढून घेता येतो, खोलीला बाहेरून कडी लावता येते, मामाच्या गावी नेऊन ठेवता येतं. एवढं केलं की पोरगी ताळ्यावर येते आणि स्वधर्मात राहायला तयार होते.

तयार झाली की उशीर न करता तिला रिक्षात घालून कोर्टासमोर न्या. तोच टायपिस्ट असेल. ‘पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय’ हा मजकूर त्याच्याकडे तयार असतो. फक्त धर्मांची नावं खालीवर करायला सांगा. जुनं गिऱ्हाईक म्हणून पैसेही थोडे कमी घेईल.