नवं चेंबर बांधण्याआधी जुना कंडेन्सर बघा

वरुड-मोर्शी पट्ट्यात गटाचं कोल्ड स्टोरेज वाढवायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "किती टनाचं?" माझ्या मते हाच प्रश्न चुकीचा. विचारायचं ते हे, की दिवसाला माल किती येणार?

साधा हिशेब करा. २५० टनांचं चेंबर दहा दिवसांत भरायचं, म्हणजे रोज २५ टन. ३२ अंशांवरचा हा संत्रा २० तासांत ७ अंशांवर आणायचा, तर नुसत्या मालापायी साधारण साडेनऊ टीआर (टन रेफ्रिजरेशन, म्हणजे मशीनची थंड करण्याची ताकद मोजायचं माप) लागतात. तेच चेंबर दहाऐवजी पाच दिवसांत भरायला घेतलं की हा आकडा १९ वर जातो. माल एकदा थंड झाला की लोड निम्म्याहूनही खाली येतो. म्हणजे मशीन साठवणीवर नाही, आवकेवर ठरते. जुना कॉम्प्रेसर "रिकामाच तर असतो" म्हणून त्यावर नवं चेंबर जोडणारे नेमके इथंच फसतात.

कॉम्प्रेसर पुरला तरी कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारा भाग, पुरतोच असं नाही. ४५ अंशांच्या उन्हात नुसत्या हवेवरचा कंडेन्सर अमोनियाला (नळ्यांतून फिरून थंडावा देणारा वायू) ५५ अंशांच्या पुढं नेतो. नळ्यांवर पाणी सोडून त्याच्या वाफेनं थंड होणारा इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सर ३५-३८ ला धरतो, कारण आपली मे महिन्यातली हवा कोरडी असते. त्याला खरा त्रास मे महिन्यात नाही, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत होतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

आता पाणी. ४० टीआरच्या प्लांटला दिवसाचे २० तास धरले तर सुमारे ५ हजार लिटर पाण्याची वाफच होते. क्षार साचू नयेत म्हणून टाकीतलं थोडं पाणी सतत सोडावं लागतं, ते आणखी अडीच हजार. म्हणजे रोजचा दीड टँकर. आपल्याकडं बोअर खोल गेलेत, म्हणून ऑपरेटर तो ब्लीडचा, म्हणजे पाणी सोडायचा, कॉक बंद करतो. त्याला दोष कसा देणार? पण पाणी जड, त्यामुळं दोन हंगामांत नळ्यांवर पांढरा थर बसतो आणि हेड प्रेशर, म्हणजे कंडेन्सरमधला दाब, चढतं.

प्रेशर चढण्यामागं दुसरंही कारण असतं, सिस्टिममध्ये शिरलेली हवा. कॉम्प्रेसर बंद ठेवा, कंडेन्सरचा पंप आणि पंखा चालू ठेवा, काटा स्थिर होऊ द्या. कंडेन्सरमधून बाहेर पडणारा द्रव ३० अंशांवर असेल तर काट्यावर साधारण १५५ पीएसआय (दाबाचं माप) दिसायला हवेत. १७५ दिसले तर २० पीएसआय हवेचे. ती हवा पर्ज करा, म्हणजे बाहेर सोडा; नवीन कंडेन्सरचं कोटेशन मागवू नका.

चेंबरमधल्या कॉइलवर, म्हणजे खोलीतली हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर, पैसे वाचवू नका. संत्र्याला ६-७ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता हवी. त्यासाठी कॉइल आणि खोलीच्या तापमानात तीन-चार अंशांचाच फरक चालतो, म्हणजेच कॉइल मोठी लागते. लहान कॉइलवर तो फरक आठ-दहावर जातो, हवेतला ओलावा कॉइलवर बर्फ होऊन बसतो आणि फळ कॅरेटमध्येच सुकतं. वजन गेलं की भाव गेला. त्याच खोलीत लाल मिरची तर अजिबात नको, तिला कोरडी हवा लागते.

पुढं उणे १८ चं फ्रीजर करायचं मनात असेल तर फ्लोअर आत्ताच ठरवा. आईस स्केटिंगच्या पक्क्या रिंकमध्ये इन्सुलेशनच्या खाली गरम द्रवाच्या नळ्या टाकतात, कारण जमिनीतलं पाणी गोठलं की फ्लोअर वर उचलला जातो. आपल्या काळ्या मातीत तर आधीच फुगण्याची खोड. कॉम्प्रेसरची फुकट जाणारी उष्णता त्या नळ्यांत फिरवता येते, पण काँक्रीट पडल्यावर नाही.

शेवटी कोटेशन. त्यात नुसतं "४० टीआर" लिहिलं असेल तर कागद परत पाठवा. शून्य अंशाच्या सक्शनला (कॉइलमधून कॉम्प्रेसरकडं येणाऱ्या वायूचं तापमान) ४० टीआर देणारी मशीन उणे १० ला तेवढे देत नाही. सक्शनचं तापमान किती, कंडेन्सिंगचं (कंडेन्सरमध्ये वायूचा द्रव होतो ते) किती, हे दोन आकडे लिहून आल्याशिवाय सही करू नका.