एसीवाल्याचं उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की खदानीचा वरचा थर काढायच्या आधी तिथे सर्व्हे व्हावा, काही सापडलं तर रीतसर उत्खनन व्हावं, आणि थर निघत असताना एक पुरातत्त्ववाला तिथे उभा असावा. त्यावर एका वाचकांनी लिहिलंय: "एसीत बसून दगडांवर प्रेम करणं सोपं आहे. खदानीवर पोरांची पोटं आहेत. कायदा आहेच. जेसीबीपाशी उभा राहून तुमचा माणूस काय दिवे लावणार? आणि थापरांनी जुनापाणीला 1971 ला नाही, 1961-62 ला उत्खनन केलं."

शेवटचं बरोबर (जुनापाणी म्हणजे नागपूरजवळची शिळावर्तुळांची जागा, थापर म्हणजे तिथे खोदणारे पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर). चूक माझी, दुरुस्त केली, धन्यवाद. (एवढंच लिहिलं असतं तर आज माझी संध्याकाळ चांगली गेली असती.)

आता एसी. अहो दादा, माझ्या घरी कूलर आहे आणि त्याचा पंप दरवर्षी मे महिन्यातच बंद पडतो. माझे बाबा मँगनीजच्या खदानीत कामाला होते, आई त्यांचा बनियन तीनदा भिजवायची तरी बादलीत काळंच पाणी निघायचं, तेव्हा खदानीवर पोटं असतात हे मला शिकवायला येऊ नका, आणि ते पण असल्या भाषेत. असं काय बोलणं असते बाप्पा? मी तुमच्या घरात काय चालते ते विचारलं का?

आणि जे लिहिलं ते बघूनच लिहिलं. काटोल रोडने जात असताना गाडी पंक्चर झाली, बाजूला मुरमाची खदान होती म्हणून सहज आत गेलो. काठावर शिळावर्तुळ, म्हणजे लोहयुगातल्या लोकांची पुरायची जागा, मोठमोठे गोटे गोलात मांडलेले, पण अर्धंच, बाकीचं टिप्परमधून गेलेलं. कापलेल्या कडेत गोट्यांची भर दिसत होती आणि त्यात अडकलेलं एक खापर, बाहेरून तांबडं, आतून काळं कुळकुळीत. ऑपरेटर म्हणाला, "असे लय निंगतात साहेब, मागं लोखंडाचं बी काहीतरी निंगालं होतं, भंगारात देल्लं." त्याची काय चूक, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तर जेसीबीपाशी उभं राहून दिवे हेच लावायचे. बिनदाताच्या बकेटने थोडा थोडा थर सोलत जायचं, मातीचा रंग बदलला की हात वर करायचा, तेवढा तुकडा सोडून मशीन दुसरीकडे चालू द्यायची. नागपूर जिल्ह्यातल्या अशाच जुन्या जागांपैकी नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली, माहुरझरीला माणसांसोबत पुरलेले घोडे मिळाले, अंगावर तांब्याच्या साजासकट, ते कोणीतरी ब्रश घेऊन बसलं म्हणून. बकेटमध्ये आलेली भट्टी म्हणजे नुसती भाजलेली लाल माती, ती ओळखणार कोण?

कायदा आहे म्हणता. संरक्षित स्मारकाला आहे, 100 मीटरपर्यंत खोदकाम-बांधकामाला बंदी, त्यापुढे 200 मीटर नियंत्रण. मी पाहिलं ते वर्तुळ कोणाच्या यादीतच नसेल तर ते मीटर मोजायचे कुठून?

रोजगाराचं मग कधी लिहीन, तो वेगळा विषय आहे आणि खदान बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं, पोस्ट नीट वाचा. पुढची कमेंट अप्रूव्ह करीन, फक्त तो एसी काढून पाठवा.