पाठ लागल्यावर काय? निपाणीकडच्या एका वाचकाला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला खाली दोन ओळी टाकून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी जुजुत्सूतल्या ‘साईड कंट्रोल’बद्दल लिहिलं होतं. म्हणजे उताण्या पडलेल्या गड्यावर आडवं येऊन, छातीला छाती लावून त्याला जमिनीला जखडून ठेवणं. त्यावर निपाणीकडच्या या वाचकांनी लिहिलं, ते असं:

“गड्याची पाठ लागली की कुस्ती संपली. संपलेल्या कुस्तीत वर पडून काय करायचं असतंय? हा वजनदार माणसाचा आळशी डाव. येळ्ळूरच्या मैदानात असा कोण पडून राहिला तर लोक हुर्यो करून उठवतील. सवारी आमच्याकडं आजोबापासून हाय, तिला इंग्लिश नाव लावून विकू नका. ज्या मातीनं खंचनाळे दिले तिथं हे कशाला? खरं माझा पुतण्या तुमचं वाचतोय, त्याला शिकू दे की नको ते तेवढं सांगा.”

नावाचं आधी उरकतो, कारण त्यात फार दम नाही. सवारी, म्हणजे पालथ्या पडलेल्या गड्यावर चढून त्याला उलथायचा डाव, आपली आहे, हे मान्य. मी शिकवतो ती सवारी नव्हे, एवढंच. ही पकड ज्युदोतून आली. कानो जिगोरोंनी १८८२ साली टोकियोत कोडोकान हे ज्युदोचं विद्यालय काढलं, तिथलाच माएदा मित्सुयो पुढं ब्राझीलमध्ये जाऊन राहिला आणि त्याच्या शिकवणीतून ब्राझिलियन जुजुत्सू उभं राहिलं. इंग्रजांचा यात फारसा हात नाही. राहता राहिले श्रीपती खंचनाळे. एकसंब्याचा माणूस १९५९ साली दिल्लीत बंता सिंगला हरवून हिंदकेसरी होतो, याचा अभिमान चिकोडी तालुक्याला आहे तेवढाच मलाही आहे. पण त्यांचं नाव घेऊन एखादी पकड नको म्हणणं मला पटत नाही.

आता मुद्द्याचं. पाठ लागली की कुस्ती संपली, हे मातीपुरतं सोळा आणे खरं. पण हा नियम मातीचा आहे. ज्युदोत पाठ लावून २० सेकंद धरून ठेवलं तर पूर्ण विजय, १० सेकंद धरलं तर अर्धा. नुसती टेकवून चालत नाही. जुजुत्सूत तर पाठ लागण्याला काही किंमतच नाही, खरी झटापट तिथून पुढं सुरू होते. पायांचा अडसर ओलांडून बाजूला आलात तर ३ गुण, पोटावर गुडघा रोवलात तर २, छाताडावर स्वार झालात तर ४. तेही ती जागा किमान ३ सेकंद टिकवली तरच. उलट टोकाचं उदाहरण आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियातल्या कुस्तीत कांस्यपदक आणलं. त्या कुराशमध्ये जमिनीवरची झुंज नाहीच. गडी खाली गेला की पंच दोघांना उभं करतो. तिथं माझा सगळा लेख कुचकामी. मातीत त्याचा उपयोग थोडा, ज्युदोत मोठा, जुजुत्सूत सगळ्यात मोठा.

हा नियमांतला फरक मला रोज मॅटवर दिसतो. तालमीतली पोरं येतात तेव्हा गड्याला खाली आणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नसतो. पट काढतील, ढाक मारतील, धाडकन पाठ लावतील आणि सोडून देतील! अंगात मुरलंय ना, पाठ लागली म्हणजे हलगी वाजणार, फेटा मिळणार. तेवढ्यात खालचा कुशीवर वळतो, मध्ये गुडघा घालतो आणि निसटतो. खाली सापडल्यावर याच्या उलटी गंमत. मातीत पालथं पडणं म्हणजे जीव वाचवणं, म्हणून पोरगं झटक्यात पालथं होतं. जुजुत्सूत पालथं झालात की पाठ दिली, आणि पाठीवर बसलेला गडी मागून गळा आवळतो.

सवारी आणि साईड कंट्रोल यांतला फरकही इथंच आहे. सवारीत खालचा पालथा, छाती मातीला चिकटवून, कोपरं अंगाशी घेऊन पडलेला असतो. वरच्याला त्याला उलथायचं असतं. घिस्सा ओढा, एकचाक भरा, काहीही करा, तो उताणा झाला पाहिजे. साईड कंट्रोलमध्ये तो उताणाच आहे आणि त्याला तसाच ठेवायचाय. एकात हलवायचंय, दुसऱ्यात हलू द्यायचं नाही.

पालथ्या पडलेल्याला हलवणं किती अवघड असतं, हे गामा पैलवानाला विचारावं लागेल. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा झ्बिश्को त्याच्यासमोर बहुतेक वेळ पालथा पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ गामा वर होता तरी निकाल लागला नाही. १९२८ साली पतियाळात तीच जोड पुन्हा लागली आणि गामानं मिनिटाच्या आत त्याला चीत केलं. लंडनच्या कुस्तीला आळशी म्हणायचं तर खालच्याला म्हणा. वर असणाऱ्यानं आळस केला असं गामाबद्दल बोलायची माझी तरी छाती नाही.

वजनाचा तुमचा मुद्दा सगळ्यात जोरकस आहे. वजन लागतं. उगाच नाही ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाईलला ५७ किलोपासून १२५ किलोपर्यंत सहा गट केलेत. आपल्या यात्रेच्या मैदानात काटा नसतो, जोड नजरेनं लावतात, आणि कधी कधी ती नजर चुकते हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण आपल्या अंगात असलेलं वजन वेगळं आणि गड्याच्या अंगावर पोचलेलं वजन वेगळं. घरी वजनकाटा असेल तर एक करून बघा. त्यावर घोंगडी टाकून पालथे पडा, छाती काट्यावर येऊ दे. आधी गुडघे पोटाजवळ घेऊन जमिनीला टेकवा आणि काटा वाचा. मग गुडघे उचलून पाय लांब करा, चवडे रोवा, कंबर खाली सोडा, पुन्हा वाचा. माणूस तोच, आकडा मात्र बराच वाढलेला दिसेल. टेकू जितका छातीपासून लांब, तितका भार छातीवर येतो. गुडघ्यावर आणि कोपरावर रेलून बसलेला ८० किलोचा पैलवान आपलं निम्मं वजन मॅटला दान करून बसलेला असतो. आमच्याकडच्या हलक्या मुली हे फार लवकर उचलतात, कारण ताकदीवर भागवायची सोय त्यांना नसते. एखादीच्या खाली सापडून बघा, मग आळशी डाव म्हणा.

दुसरं, हात. मातीतल्या पोरांना जांघ्या धरायची सवय. इथं जांघ्या नाही, म्हणून वर आल्या आल्या दोन्ही हातांनी गड्याची मान कवटाळून आवळत बसतात. मिनिटभरात दंड भरून येतात, पकड ढिली पडते आणि खालचा काखेखालून निसटून पाठीवर जाऊन बसतो. हातांनी धरून ठेवायचं नसतं. हात फक्त वाटा बंद करायला असतात.

आणि वाटा थोड्याच असतात. खालच्याला सुटायचं तर तुमच्याकडं कूस वळवायला लागते, कंबर मागं सरकवायला लागते आणि मोकळ्या झालेल्या फटीत गुडघा सारायला लागतो. म्हणून माझा खांदा त्याच्या जबड्याखाली जातो आणि त्याचं तोंड पलीकडं वळवतो. मान पलीकडं गेली की पाठीचा कणाही तिकडंच पिळतो, मग त्याला माझ्याकडं वळताच येत नाही. दुसरा हात त्याच्या पलीकडच्या काखेतून जातो, म्हणजे तो माझ्या काखेत हात घालून गुडघ्यावर उठणार नाही. माझ्याकडच्या त्याच्या कमरेला माझा गुडघा किंवा मांडी लागलेली असते, म्हणजे फटच पडत नाही. मग छाती त्याच्या छातीवर पूर्ण सोडायची. तो श्वास सोडतो तेव्हा आणखी थोडं खाली जायचं. सोडलेली जागा परत द्यायची नाही. यात आवळण्याचा कुठं संबंध आला?

आता ‘पडून राहणं’. हा शब्द वाचूनच हे सगळं लिहायला बसलो. चांगला दाबणारा माणूस बाहेरून शांत दिसतो, पण तो खालच्याचं ऐकत असतो. खालच्यानं मानेवर कमान टाकून उसळी मारली (तालमीतल्या पोरांची उसळी अशी असते की नवखा चार हात लांब जाऊन पडतो) तर छाती तशीच ठेवून पाय रुंद करायचे आणि भार उसळीच्या उलट्या बाजूला न्यायचा. तो कंबर लांब सरकवायला लागला तर चवड्यांवर चालत त्याच्या मागं जायचं, किंवा त्यानं केलेल्या जागेतूनच पाय पलीकडं टाकून स्वार व्हायचं. तो पाठ फिरवून पळायला लागला तर पाठ घ्यायची. तो वैतागून तुमचं तोंड ढकलायला लागला तर मनातल्या मनात आभार माना. कोपर बरगडीला चिकटलेलं असेपर्यंत हाताला धोका नसतो. ढकलायला हात लांब केला की कोपर सुटलं, आणि सुटलेल्या कोपराला अमेरिकाना आहे, किमुरा आहे, पलीकडच्या हाताचा आर्मबार आहे, सगळ्या खांदा नाहीतर कोपर अडकवायच्या पकडी.

गुडघा पोटावर रोवणं हा त्यातलाच पुढचा प्रकार, आणि हलक्या माणसासाठी माझ्या मते सगळ्यात उत्तम. छातीला छाती लावून थांबला तर वजनदार गडी हलक्याला कधीतरी उचलून टाकणारच. त्यापेक्षा एक गुडघा नडगीसकट त्याच्या पोटावर आडवा, दुसरा पाय लांब रोवलेला, त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर. सगळा भार एवढ्याशा जागेवर येतो. खालच्याला ते सोसत नाही, तो दोन्ही हातांनी गुडघा ढकलतो, म्हणजे पुन्हा कोपरं सुटली. त्यानं वळून गुडघा पाडला तर दुसऱ्या बाजूला जा, डोक्याकडून फिरा, परत छाती लावा.

यातलं काहीही न करता नुसतं धरून ठेवणाऱ्याचं काय? त्यावर तुमचं माझं एकमत आहे. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जुजुत्सू फेडरेशनच्या नियमांत पुढं सरकायचा प्रयत्न न करता २० सेकंद थांबणाऱ्याला दंड आहे. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये असं चाललं तर पंच दोघांना उठवतो. लोक हुर्यो करतात तेच काम तिथं पंच करतो. आणि येळ्ळूरच्या किंवा आनंदवाडीच्या प्रेक्षकाबद्दल म्हणाल, तर तो फार जाणता आहे. वरचा पैलवान डाव शोधत असेल तर तो कितीही वेळ थांबतो. अथणीकडून आलेली मंडळी ‘बिडब्याड, बिडब्याड’ म्हणून कब्जा न सोडायला ओरडून सांगत असतात, ते तुम्हीही ऐकलं असेल. हुर्यो होते ती घड्याळाकडं बघणाऱ्याची.

पुतण्याबद्दल. शिकू दे. तालीम मात्र सोडू नये, कारण उभ्यानं गड्याला खाली आणायचं जे कसब त्याला तिथं मिळतंय ते माझ्याकडं तेवढं मिळणार नाही. कुस्तीचा हंगाम चालू असेल तर तेवढे दिवस इकडं येऊ नये. पालथं पडायचं की नाही, याचा मैदानातच गोंधळ उडायचा. यायचं झालं तर पहिले काही आठवडे त्यानं खालीच राहायचं. खाली राहिल्याशिवाय वरच्याचं वजन कुठून येतं ते कळत नाही. लहान पोरांना मी पोटावर गुडघा पूर्ण भारानं देऊ देत नाही, बरगड्या कोवळ्या असतात. मानेच्या पकडीही नंतरच.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. जुजुत्सूत हात अडकला किंवा गळा आवळला की थाप मारायची, म्हणजे हातानं थोपटून हार कबूल करायची, समोरचा तिथंच सोडतो. तालमीतल्या पोरांना हे मरणाहून अवघड जातं. पाठ लागणं म्हणजे हरणं हे त्यांना कळतं, पण आपल्या हातानं थाप मारून हरणं त्यांच्या वस्तादानं कधी शिकवलेलं नसतं. मग दात ओठ खाऊन सोसत बसतात आणि कोपर किंवा खांदा घेऊन घरी जातात, पुढं दोन महिने ना माती ना मॅट. मी सांगून तो ऐकेल असं नाही, मी परका. तुम्ही त्याच्या घरचे, जुने कुस्तीवाले, त्यातून माझे टीकाकार. पाठवायच्या आधी तुम्हीच त्याला सांगा की थाप मार.