तो कर्ब आपला नव्हे

गेल्या महिन्यात दादाने, माझ्या चुलतभावाने, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या आमच्या शेताच्या मृदा आरोग्य पत्रिकेचा, म्हणजे माती तपासणीच्या अहवालाचा, फोटो पाठवला. सेंद्रिय कर्ब (कार्बन) 1.1 टक्के. त्या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत तो अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेला तरी लोक समाधान मानतात. आमच्या शेतात शेणखत तर कित्येक वर्षं नावालाच पडतंय. मग एवढा कर्ब आला कुठून? कोळशाच्या ट्रकांचा रस्ता बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे. गावच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "धुळीनं का होईना, कर्ब तर वाढला." त्याखाली दादाचा प्रश्न होता, "मग पऱ्हाटी (कपाशी) पिवळी काहून पडून राह्यली?"

मी त्याला काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चिमूटभर माती टाकायला सांगितलं. व्हिडिओ कॉलवर दोघेही बघत होतो. माती तळाशी गेली, वर काळा चकचकीत पापुद्रा तरंगत राहिला. दादाने बोट लावलं तर काजळासारखा चिकटला.

पानकाडीतून, शेणखतातून आलेल्या कर्बावर मातीतले जिवाणू जगतात आणि त्यातूनच पिकाला नत्र मिळतं. कोळशातला कर्ब कोट्यवधी वर्षं जमिनीखाली दबून घट्ट झालेला. जिवाणूंना तो जवळपास पचत नाही. पण प्रयोगशाळेत मातीवर डायक्रोमेट हे रसायन आणि गंधकाम्ल टाकतात, तेव्हा त्या कोळशाचाही काही भाग जळतो आणि सेंद्रिय कर्ब म्हणून मोजला जातो. खरं नुकसान याच्या पुढे आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी नत्राचा अंदाज या कर्बावरूनच बांधतात. कर्ब भरपूर दिसला की नत्राची शिफारस कमी होते. दादाने पत्रिका बघून युरिया कमी टाकला होता. शिवाय तीच धूळ पानांवर बसून ऊन अडवते, आणि वेचणीला आलेला कापूस काळवंडला की व्यापारी भाव पाडतो.

खाणीवरून गावात चाललेला वाद मात्र दोनच गोष्टींभोवती फिरतो : नुकसानभरपाई किती आणि नोकरी कुणाला. दोन्ही मागण्या रास्त आहेत, घरातला एक पगार म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण मातीचं काय, हे कुणी विचारत नाही.

मी पश्चिम जर्मनीत यूलिशजवळ राहतो, तपकिरी कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात. इथेही खाणींसाठी गावं उठवली गेली. 2023 च्या जानेवारीत ल्युत्सेराट हे असंच एक गाव रिकामं करताना पोलीस आणि आंदोलक चिखलात समोरासमोर उभे होते. त्यामुळे जर्मनीचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. पण खाण पुढे सरकली की मागच्या खड्ड्याची शेतजमीन करून देणं इथे कंपनीवर बंधनकारक आहे. वरची सुपीक लोएस माती (वाऱ्याने आणून साचलेली बारीक माती) वेगळी काढतात आणि भराव झाल्यावर तिचा सुमारे 2 मीटरचा थर पसरतात. त्यावर आधी तीन वर्षं लसूणघास, आणि एकूण सात वर्षं कंपनीच ती जमीन कसते. मग शेतकऱ्याच्या हाती देते. माझ्या रोजच्या सायकलच्या वाटेवर असा एक घासाचा पट्टा आहे. त्याची मुळं खोल जाऊन दडपलेली माती मोकळी करतात, गाठींमधून नत्र धरतात. तरी तिथे जुन्या रानाइतका ह्यूमस (पालापाचोळा कुजून झालेला सेंद्रिय अंश) यायला अनेक दशकं जावी लागतात.

दादा म्हणतो, "तुमची लोएस, आमची भारी काळी. पावसात पाय रुततो, तिथं थर कोण पसरवणार?" बरोबर आहे, इथली पद्धत जशीच्या तशी तिकडे चालणार नाही. पण वरची माती वेगळी साठवण्याची अट आपल्याकडच्या पर्यावरण मंजुऱ्यांतही असते, आणि खाण बंद करण्याचा आराखडा 2009 पासून सक्तीचा आहे. ती माती कुठे रचून ठेवली आहे, हे ग्रामसभेने प्रत्यक्ष जाऊन बघावं. कोळसापट्ट्यातल्या नमुन्यांमधला कोळशाचा कर्ब वेगळा काढल्याशिवाय त्यावरून खताची शिफारस करू नये, हे कृषी विभागाला लेखी कळवावं. भरपाईच्या अर्जालाही त्यातून बळ मिळेल, कारण शेतात किती कोळसा साचला ते मग कागदावर येईल.

दादाला एवढंच कळवलं आहे, की पत्रिकेतल्या कर्बाकडे बघून यंदा युरियाचा हप्ता कमी करू नकोस, आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळली झाडं) पेटवू नकोस, खरा कर्ब त्यातूनच येतो. पुढच्या नमुन्यासाठी त्याने रस्त्यापासून लांबच्या, नाल्याकडच्या तुकड्यातली माती वेगळ्या पिशवीत भरून ठेवली आहे.