जिद्द काय चिठ्ठीत निघते?

परवा रात्री मामांनी फॅमिली ग्रूपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. वर ते अनेकदा फॉरवर्ड झाल्याचं डबल बाणाचं चिन्ह, खाली हात जोडलेले तीन इमोजी, मथळा "कटू पण सत्य". असले मेसेज मी न वाचताच वर सरकवतो, पण हा माझ्या ताईने वाचला. ताई दोन वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा ऑफिस सुटल्यावर एका वस्तीतल्या अभ्यासवर्गात तिसरी-चौथीच्या पोरांना वाचायला शिकवायला जाते. तिने ग्रूपवर फक्त "हम्म" टाकलं आणि गुरुवारी वर्गाला गेलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली. म्हणून हे लिहितोय, नाहीतर मामांशी वाद घालायची मला काही हौस नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं की शहरातल्या गरीब पोरांसाठी वस्तीत जे काही चालतं, म्हणजे संध्याकाळचे वर्ग, तरुणांना काम मिळवून देणं, घरी थोडीफार रोख मदत, ते सगळं पाण्यात. कारणं पाच दिलीत. जिद्द असली की पोरगं रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकूनही मोठं होतं. दहावी-बारावी झालेल्या पोरी काय डोंबल शिकवणार. पैसे दिले की दारूत जातात. पोरं शेवटी गुन्हेगारीलाच लागतात, तिथे क्लास नाही, पोलीस पाहिजेत. आणि हा सगळा संस्थांचा धंदा आहे.

दारूचं आधी उरकतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातले १९ अभ्यास एकत्र करून नेमका हाच प्रश्न तपासला, की गरिबांच्या हातात रोख पैसे दिले तर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का. जवळजवळ कुठेच वाढला नव्हता, काही ठिकाणी तर कमी झाला होता. कोणाच्या तरी शेजारचा एक माणूस पितो, हे मान्य. पिणारे बंगल्यातही असतात, त्यांचा बोनस थांबवा असं कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता दहावी-बारावी झालेल्या पोरी. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण ताई जाते तो वर्ग खरं तर वस्तीतल्याच दोन मुली चालवतात आणि पदवीधर ताई त्यांच्या हाताखाली काम करते, हे ती स्वतः हसत सांगते. पहिल्या आठवड्यात तिने एका चौथीतल्या पोराला धडा वाचायला सांगितला, त्याने ओळीवर बोट फिरवत घडाघडा वाचला, ताई खूश. त्यातली एक मुलगी शेजारी येऊन म्हणाली, ताई, मधल्या शब्दावर बोट ठेवून विचारा. ठेवलं. पोरगं गप्प. त्याला अख्खा धडा पाठ होता, अक्षर एकही येत नव्हतं. चार वर्षं शाळेत हे खपून गेलं होतं, पोरगंही काही कमी हुशार नाही, न वाचता वाचल्यासारखं दाखवायला डोकं लागतं. आणि हे पकडलं कोणी, तर त्या "काय डोंबल शिकवणार" वाल्या पोरीने, कारण तिने स्वतः लहानपणी हेच केलेलं.

बरं, हा झाला आमच्या घरचा किस्सा, मामा म्हणतील एका पोरावरून काय सांगतोस. ठीक आहे, मग मोठं उदाहरण घ्या. 'प्रथम' या संस्थेचा बालसखी नावाचा कार्यक्रम होता, मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत. वस्तीतल्याच, दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्या तरुण मुली घ्यायच्या, त्यांना दोनेक आठवडे ट्रेनिंग द्यायचं, आणि तिसरी-चौथीतली जी पंधरा-वीस पोरं मागे पडलीत त्यांना त्यांनी रोज दोन तास वेगळं बसवून पहिली-दुसरीचं शिकवायचं. पगार कायम शिक्षकाच्या पगारापुढे नगण्य. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा कार्यक्रम २००१ पासून मोजला आणि २००७ मध्ये निकाल छापले (बॅनर्जी आणि डुफ्लो यांनाच पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मायकेल क्रेमर यांच्यासोबत). मोजायची पद्धत बघा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. काही शाळांत बालसखी तिसरीला मिळाली, काही शाळांत चौथीला, आणि कुठल्या शाळेत कुणाला मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. मग एकीकडची बालसखी असलेली तिसरी आणि दुसरीकडची नसलेली तिसरी, अशी तुलना केली. बालसखी असलेल्या वर्गांचे मार्क पहिल्या वर्षी ०.१४ मानक विचलनाने (पोरापोरांच्या मार्कांत एरवी जेवढा फरक असतो, ते मोजायचं माप) वर गेले आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. आकडा लहान वाटेल, पण शिक्षणात एवढ्या कमी खर्चात एवढी वाढ सहज मिळत नाही. शिवाय ही वाढ मुख्यतः तळाच्या पोरांची होती, म्हणजे जी खरंच बालसखीकडे बसली त्यांची. मूळ वर्गात उरलेल्या पोरांना वर्ग रिकामा झाल्याचा काही खास फायदा झाला नाही. म्हणजे गर्दी कमी झाली म्हणून मार्क वाढले असंही म्हणता येत नाही, फरक त्या मुलींनी पाडला.

आणि म्हणूनच मामा, तुमचा जिद्दीचा मुद्दा इथेच आडवा होतो. ज्या वर्गाची चिठ्ठी निघाली त्याच वर्गातल्या पोरांत तेवढ्यापुरती जिद्द उगवली का? आणि शेजारच्या शाळेतली त्याच वयाची, तशाच घरांतली पोरं अचानक आळशी झाली? पोरं तीच, घरं तशीच, फरक एवढाच की एकीकडे कोणीतरी रोज दोन तास शेजारी बसलं. दिव्याखाली शिकून मोठा झालेला एक आपल्याला ठाऊक असतो कारण तो मोठा झाला, त्याच दिव्याखाली बसून उठून गेलेल्यांची नावं कोण ठेवतं.

ताईच्या वर्गात एक मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन यायची, आई कामावरून उशिरा परतते म्हणून. तो रडला की ही बाहेर, गप्प झाला की आत, अर्धा तास असाच जायचा. आता हिच्यात जिद्द नाही म्हणायची तर कोणात आहे? त्या दोन मुलींनी काय केलं, तर कोपऱ्यात एक चटई टाकली आणि भावाला तिथे झोपवायला लागल्या. आता ती पूर्ण वेळ आत बसते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला चटई सुचली नसती, त्याने तिला दिव्याचा किस्सा सांगितला असता.

गुन्हेगारीचं पण बघू. शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात जास्त हिंसाचाराच्या भागांतल्या १३ शाळांमधली १,६३४ मुलं घेतली, त्यातल्या काहींना चिठ्ठीनेच आठ आठवड्यांचं अर्धवेळ काम दिलं, बाकीच्यांना नाही. पुढच्या १६ महिन्यांत काम मिळालेल्यांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्के कमी होत्या, आणि हा फरक बहुतेक काम संपल्यानंतरचा होता, त्यामुळे "कामात गुंतली होती म्हणून" ही पळवाटही नाही. चोऱ्यामाऱ्यांच्या अटका मात्र कमी झाल्या नाहीत, हेही सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी तेवढंच शोधून आणेल.

राहिला धंदा. इथे मला थोडं गिळावं लागतंय. ताईच्याच वर्गात एकदा एक संस्था बॅनर घेऊन आली होती, नाव घेत नाही, दप्तरं वाटली. फोटोत रांग भरत नव्हती म्हणून तीन पोरांना तेच दप्तर घेऊन परत मागे उभं केलं. महिन्याभरात चेनी तुटल्या, संस्था परत दिसली नाही. तेव्हा असले लोक आहेत, कबूल. आणि बालसखीचंसुद्धा, कार्यक्रम सुटून एक वर्ष झाल्यावर फायदा साधारण ०.१ वर आला होता, म्हणजे दोन वर्षं शिकवलं आणि जन्माचं काम झालं असं नाही. वस्तीतल्या वर्गाने आईबापांचा पगार वाढत नाही की घराचं भाडं कमी होत नाही, हे ताईलाही कळतं. पण दप्तरवाल्यांवरून चटईवालींना झोडायचं हे कुठलं गणित? हिशोब मागा ना. किती पोरं होती, आधी काय वाचायची, आता काय वाचतात, एवढे तीन प्रश्न विचारले की फोटोवाले आपोआप पांगतात.

हे सगळं काल ग्रूपवर टाकलं. मामांनी अंगठा दिलाय. ताईने मला वेगळा मेसेज केला, जोडाक्षरांची कार्डं घरीच राहिली होती, मंगळवारी ऑफिसला सोडशील तेव्हा आठवण कर.